टाकी गोल, हेडलाईट गोल, पण इंजिन? जालन्याच्या रस्त्यावर कोणती रेट्रो बाईक कुणाला जमेल?

संध्याकाळी जालन्यात गांधी चमनपाशी दहा मिनिटं उभं राहा. गोल हेडलाईट, थेंबासारखी टाकी आणि चकचकीत सायलेन्सरवाल्या चार-पाच गाड्या तरी समोरून जातील. लांबून बघितलं तर सगळ्या एकाच घराण्यातल्या वाटतात. रीलमध्ये तर विचारूच नका. मागे गाणं लावलं की क्लासिक काय, जावा काय आणि ट्रायम्फ काय, सगळ्याच भारी दिसतात.

घोळ इथंच होतो. दिसणं बघून बुकिंग होतं, हप्ते सुरू होतात आणि सहा महिन्यांनी कळतं की आपला रस्ता वेगळा आणि गाडीचा स्वभाव वेगळा. मग 'एक हाती वापरलेली, अर्जंट विकणे' अशी पोस्ट पडते आणि दोन-सव्वादोन लाखांची गाडी मिळेल त्या भावात सोडावी लागते.

म्हणून आज इंजिनाच्या स्वभावाबद्दल बोलू. सुरुवात ट्रॅक्टरपासून करू, कारण ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं.

४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर काळ्या रानात नांगर ओढतो. ८० हॉर्सपॉवरच्या कारला तेच काम सांगितलं तर ती जागेवरच बसेल. ट्रॅक्टरचं वजन, त्याची चाकं हा भाग आहेच. पण त्याचं इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवरच आपला जोर देतं आणि त्याचे गिअरही त्याच हिशोबाने बनवलेले असतात. चाक फिरवणारा हा जोर म्हणजे टॉर्क. तो जोर किती झपाट्याने कामाला लागतो, ती पॉवर.

आता बाईकवर या. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं. पॉवर साधारण २० हॉर्सपॉवर, टॉर्क २७ न्यूटन मीटर, आणि तो मिळतो ४ हजार आरपीएमला. होंडाच्या हायनेस सीबी३५० ला ३० न्यूटन मीटर मिळतो ३ हजारांवरच. ट्रायम्फ स्पीड ४०० मात्र ३७.५ न्यूटन मीटर आणि जवळपास ४० हॉर्सपॉवर देते.

कागदावर ट्रायम्फ दोन्हीकडं पुढं. मग विषय संपला? नाही. तिचा टॉर्क पूर्ण भरतो साडेसहा हजार आरपीएमला आणि पॉवर आठ हजारांना. म्हणजे पिळलं तर गाडी उडते, पण म्हशींच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये निवांत जायचं म्हटलं की गिअर खाली टाकावा लागतो. क्लासिक तिथं काही न बोलता ओढत राहते.

हा फरक येतो कुठून? इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. तो जितकं अंतर कापतो त्याला स्ट्रोक म्हणतात. क्लासिकचा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, ट्रायम्फचा ६४. एका फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो. हिशोब मांडला तर क्लासिकचा पिस्टन ६ हजार आरपीएमला सेकंदाला १७ मीटरच्या आसपास पळतो. ट्रायम्फचा पिस्टन तेवढाच वेग गाठतो ८ हजारांना. पिस्टनचा प्रवास लांब असेल तर त्याला फार फेऱ्या मारायला लावता येत नाहीत, नाहीतर कंप आणि झीज वाढते. मग असं इंजिन खालच्या फेऱ्यांवरच जोर देईल असं बांधलं जातं. जोडीला जड फ्लायव्हील असतं, त्यामुळं एक्सलेटर सोडला तरी गाडी लगेच गळपटत नाही.

बुलेटच्या ठोक्याचं गुपितही यातच आहे. एकच सिलिंडर, तेही फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. हजार आरपीएमला उभी असेल तर सेकंदाला आठेक ठोके. कानाला ते जवळजवळ मोजता येतात, म्हणून ते आवडतात. (सायलेन्सर बदलून फटाके फोडणाऱ्यांचा यात काही संबंध नाही. त्याने पिकअप वाढत नाही, शेजाऱ्यांचा राग वाढतो आणि पोलीस पावती फाडतात ते वेगळंच.)

जुने बुलेटवाले इथं हमखास आडवे येतात. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, ॲम्पिअरचा काटा मधोमध आणून मारलेली किक, अशी त्यांची गाडी होती. नव्यात तो धक्का नाही, असं ते म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. मीटिओरसोबत २०२० मध्ये आलेल्या आणि २०२१ मध्ये क्लासिकला मिळालेल्या नव्या इंजिनात कंप कमी करणारी बॅलन्सर शाफ्ट आहे. थोडी धडधड गेली, पण हायवेवर हाताला मुंग्या येणंही कमी झालं. मला विचाराल तर सौदा फायद्याचा आहे.

जावाची गोष्ट आणखी वेगळी. आजोबांची म्हैसूरची जावा टू-स्ट्रोक होती, किक आणि गिअरचा दांडा एकच. २०१८ मध्ये परत आली ती दिसायला तशीच, पण आत २९३ सीसीचं फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड इंजिन, स्ट्रोक फक्त ६५ मिलिमीटर आणि पॉवर २७. म्हणजे रूप आजोबांचं आणि स्वभाव पोराचा. पुढं २०२४ मध्ये जावा ३५० आली तेव्हा इंजिन ३३४ सीसीचं झालं, पण पॉवर उतरून २२ च्या घरात आली आणि भर खालच्या जोरावर गेला. गोल टाकीकडून आपला ग्राहक काय मागतो, याचा अंदाज यातून येतो.

मग जालन्यात कुणी काय घ्यावं?

घर बदनापूर किंवा भोकरदन तालुक्यात, रोज शेत ते मोंढा, मागं डबल सीट, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला, असा वापर असेल तर लांब स्ट्रोकवाली गाडी. क्लासिक किंवा होंडा. गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण क्लासिक १९५ किलोची आहे. चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलताना घाम निघतो. ज्यांना वजनाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी तेच इंजिन हंटरमध्ये आहे, १८१ किलोत. गाडी शिकणाऱ्या मुलींनी आणि कमी उंचीच्या लोकांनी आधी ती बसून बघावी.

रोज शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. चौपदरी रस्ता, ट्रकच्या मागून सतत ओव्हरटेक. इथं ८० वरून झटकन पुढं निघायला वरचा जोर लागतो. क्लासिक ८०-९० ला खूश असते, त्याच्या पुढं तिला ढकलावं लागतं. ओव्हरटेकच्या वेळी समोरून गाडी येत असेल तर हा फरक जिवाचा होतो. त्यांनी ट्रायम्फ जरूर चालवून बघावी.

आणि 'समृद्धीवर १२० ने पळवायची' हे स्वप्न असेल तर ते आताच सोडा. समृद्धी महामार्ग जालन्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगीच नाही. साध्या चौपदरी महामार्गावरही केंद्राच्या नियमाप्रमाणे दुचाकीची कमाल मर्यादा ८० आहे. म्हणजे वरच्या ४० हॉर्सपॉवरचा वापर बहुतेकांना रोज करता येणार नाही, त्याचे पैसे मात्र रोज भरावे लागतील.

पैशांवरून आठवलं, सीसीचा आकडाही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर ४० टक्के. ३४९ आणि ३९८ सीसीमधली ही फट थेट हप्त्यात दिसते.

शेवटचं काम शोरूममध्ये. टेस्ट राइडला एकटे जाऊ नका, जो रोज मागं बसणार आहे त्याला सोबत न्या. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ वर येऊन एक्सलेटर हळू उघडा. गाडी खडखडते की उचलते ते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून ८० पर्यंत न्या आणि हँडलवर हाताला काय जाणवतं ते बघा. दुपारी एक वाजता सिग्नलवर दोन मिनिटं चालू ठेवून मांडीला किती धग लागते तेही पाहा, कारण मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. सेल्समन एकाच चकरीत परत बोलवत असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.