नोकरी की स्वतःचा ऑनलाइन धंदा? वाशिमच्या घराचा हिशेब

आजचा विषय घरोघरी जेवताना निघतो आणि बहुतेक वेळा भांडणावर संपतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला ऑनलाइन धंदा करायचा आहे. वडील म्हणतात, आधी नोकरी बघ. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण दोघांच्या हातात कागद-पेन नसतं. आज आपण ते कागद-पेन घेऊन बसणार आहोत, आणि उदाहरण आपल्याच वाशिम जिल्ह्याचं घेणार आहोत.

आपला जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. मोठे कारखाने जवळपास नाहीत. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून वाशिमचं नाव होतं. सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिकं. म्हणजे बहुतेक घरांत मोठा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि किती येईल ते पाऊस आणि बाजार ठरवतात. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, पण अनेकांना बाजारात त्याच्या खाली माल विकावा लागला.

हे आधी सांगायचं कारण आहे. पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगतात, तरुण आहात, जोखीम घ्या. पण आपलं घर आधीच जोखमीत उभं आहे. शेती हाही धंदाच आहे, आणि तो पूर्ण उघड्यावर चालतो. अशा घरात दुसरं बेभरवशाचं उत्पन्न आणलं, तर दोन्ही एकाच वर्षी बुडू शकतात. म्हणून ‘मला काय आवडतं’ हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा : घरात दर महिन्याला ठरलेला पैसा आणणारं कुणी आहे का?

पगारात काय काय असतं

समजा, पुण्याकडे एका कंपनीत 18,000 रुपयांची नोकरी मिळाली. त्यातला मूळ पगार 15,000 धरला, तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. राज्य विमा योजना लागू असेल तर आणखी 135. हातात 16,065. खोलीतला वाटा, मेस, येणं-जाणं, फोन मिळून 8,500 धरले तर साधारण साडेसात हजार उरतात. आपण म्हणतो, एवढ्यासाठी गाव सोडायचं का?

पण कापलेले 1,800 तुमचेच असतात, आणि मालक तेवढेच आपल्याकडून भरतो. विम्यापोटी मालक वेगळे 585 भरतो आणि आजारपणात उपचार मिळतात. शिवाय पगाराची पावती असली की बँक कर्जाला दारात उभं करते. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे पहिला प्रश्न कोणता विचारतात, हेही आपल्याला माहीत आहे. पगार म्हणजे पैसे, अधिक विमा, अधिक पत. धंद्यात या तिन्ही गोष्टी स्वतः विकत घ्याव्या लागतात.

भरतीची वाट पाहणं हीसुद्धा जोखीम

आपल्याकडे नोकरी म्हटलं की सरकारीच डोळ्यासमोर येते. 2024 मध्ये राज्यातल्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे शंभर. तयारी करू नका असं आम्ही म्हणत नाही. पण तयारीला तारीख लावा. अमुक वर्षापर्यंत, नाहीतर दुसरी वाट, असं घरात बसून ठरवा. खोलीभाडं, अभ्यासिका आणि क्लासची फी वडील सोयाबीन विकून भरत असतील, तर तीही गुंतवणूकच आहे, आणि तिलाही हिशेब हवा.

आणखी एक. सरकारी नोकरी लागली की जोडधंदा करू, असं काहीजण म्हणतात. शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. ते आधीच लक्षात ठेवा.

ऑनलाइन धंद्याचं खरं गणित

आता दुसरी बाजू. समजा, घरची हळद दळून अर्ध्या किलोचं पाकीट 200 रुपयांना ऑनलाइन विकायचं. हळद आणि दळण 90 रुपये, पाकीट-खोका 12, कुरिअर 45, अॅपचं शुल्क आणि जाहिरात 15. खर्च 162, उरले 38. दहा पार्सलमागे 380 रुपये. ठीक वाटतं.

पण आपल्याकडे माल हातात आल्यावर पैसे देणारी गिऱ्हाइकं खूप. त्या दहांपैकी दोघांनी पार्सल घेतलंच नाही असं समजा. आता आठांचे 1,600 आले. हळदीचे 720, दहा खोक्यांचे 120, दहा वेळा पाठवायचे 450, दोन परत आणायचे 90, शुल्क-जाहिरात 120. एकूण खर्च 1,500. राहिले शंभर रुपये! दोन पार्सल परत आली आणि 380 चे 100 झाले. परत आलेली पाकिटं पुन्हा विकण्याजोगी आहेत असं धरून हा हिशेब आहे. शिवाय तुमच्या दिवसभराच्या मेहनतीची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण शिकायचं ते हे की, ऑनलाइन धंदा विक्रीत दिसतो आणि परतीत बुडतो. म्हणून वजनाला हलका आणि किमतीला भारी माल जास्त जमतो. पोहरादेवीच्या परिसरात बंजारा भरतकाम करणाऱ्या बायका आहेत. त्या कामाची पिशवी वजनाने हलकी असते आणि योग्य किंमत सांगता येते, म्हणून कुरिअरचा खर्च तिला हळदीपेक्षा सोपा जातो. मात्र तिथे हाताचा वेळ लागतो, आणि करणारणीची मजुरी आधी वजा केल्याशिवाय नफा मोजायचा नाही.

कागदपत्रांचं भय मात्र पूर्वीइतकं नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातल्या राज्यातच विकायचा असेल, तर मोठ्या अॅपवर विकतानाही जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पोर्टलवर फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात पाठवायचं म्हटलं की नोंदणी आली. म्हणजे सुरुवात पुणे, मुंबई, नागपूरच्या गिऱ्हाइकावर करता येते. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, ती टाळू नका. समृद्धी महामार्ग आता कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. पण रस्ता माल नेतो, गिऱ्हाईक आणत नाही. ते आपल्यालाच जोडावं लागतं.

दुसऱ्याचं वावर

एक धोका वेगळा सांगायला हवा. 29 जून 2020 ला सरकारने 59 अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यांच्या कामात खोट नव्हती. अॅपवरचं दुकान म्हणजे ठोक्यानं घेतलेलं वावर. पीक तुमचं, पण जमीन दुसऱ्याची. तो कधीही म्हणेल, पुढच्या साली नाही. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत ठेवा आणि विक्रीचे निदान दोन मार्ग ठेवा.

मग ठरवायचं कसं?

आम्ही तीन कसोट्या सांगतो.

पहिली : घरात ठरलेला पैसा आणणारं कुणी नसेल, तर आधी नोकरी धरा, लहान असली तरी. खासगी नोकरीत असाल तर नेमणुकीच्या अटी वाचा आणि परवानगी असेल तर संध्याकाळी, रविवारी धंदा लहान प्रमाणात सुरू करा.

दुसरी : धंद्यासाठी नोकरी सोडायची असेल, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. हा पैसा कर्जाचा नको. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, ते यंत्र किंवा मालासाठी घ्या. हप्ता पहिल्या महिन्यापासून धंद्यातूनच निघेल असं मात्र धरू नका.

तिसरी : बारा महिन्यांची वही. दिवाळीत सगळ्यांचंच विकतं, पावसाळ्यात काय होतं ते बघा. परतीचा खर्च आणि स्वतःची मजुरी वजा करून वर्षभरात जे उरतं, ते हातात येणाऱ्या पगाराशी ताडून पाहा. त्यात विमा आणि म्हातारपणाची बचतही धरा. तरीही धंदा पुढे असेल, तर खुशाल नोकरी सोडा. तेव्हा वडिलांसमोर बोलायला शब्द लागणार नाहीत, वही पुरेल.

आणि वडील मंडळींनाही एक विनंती. ज्यांनी आयुष्यभर पावसाच्या भरवशावर पेरलं, त्यांनी मुलीला किंवा मुलाला ‘धंदा आपल्या रक्तात नाही’ असं म्हणू नये. आपण सगळे धंदेवाईकच आहोत, फक्त हिशेब लिहीत नाही. आजच्या व्याख्यानातून एवढं एक करा : या महिन्यात घरात आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया लिहून काढा. नोकरी की धंदा, हे त्यानंतर घरच्यांसोबत बसून ठरवा.