देवगांडुळाची भावकी

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या एका संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला खोटं ठरवलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिला नाही, असा त्यांचा मुद्दा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याला लगेच उत्तर दिलं. तरी प्रश्न टाकाऊ नाही, कारण अनेकांच्या मनात तो असतोच.

आमच्या कोल्हापूरकडे भावकीत जमिनीचा वाद निघाला, तर पणजोबांच्या वाटणीला हजर असलेला साक्षीदार कुणी मागत नाही. जुने फेरफार, बांधाची जागा, विहिरीतला हिस्सा आणि नात्यातली आडनावं बघतात. एकमेकांशी संबंध नसलेली ही कागदपत्रं एकच गोष्ट सांगू लागली की वाटणी कशी झाली ते कळतं. उत्क्रांतीचा पुरावा असाच आहे. माझ्या मते त्यातला सर्वांत बोलका भाग म्हणजे जिवांचे पत्ते: कोण कुठे राहतो आणि त्याचे सख्खे कुठे सापडतात. त्यासाठी डार्विनसारखं गॅलापागोस बेटांवर जायचं कारण नाही, एसटीनं आंब्याला गेलं तरी भागतं.

शाहूवाडी तालुक्यातल्या आंब्याच्या जंगलात, ओलसर सावलीतल्या दगडांवर बोटभर लांबीची एक पाल राहते. घरातली पाल रात्री बाहेर पडते, ही दिवसा हिंडते आणि तिच्या डोळ्याची बाहुली गोल असते. अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी २०१९ मध्ये तिला ‘निमास्पिस आंबा’ असं नाव दिलं. त्याच शोधनिबंधात कोयनेची वेगळी जातही आहे. कासच्या परिसरातली तिसरी जात २०१४ मध्येच नोंदवली गेली होती, आंबोलीची आणखी निराळी. सगळ्या एका वळणाच्या, पण प्रत्येकीचा डोंगर वेगळा. प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण झाली असेल, तर सह्याद्रीच्या या एवढ्याशा पट्ट्यात इतक्या सारख्या पाली कशासाठी घडवल्या, याचं उत्तर देता येत नाही. मूळ एक असेल तर मात्र सोपं आहे. या पालींना ओलावा आणि सावली लागते, मधला उघडा, तापलेला पठारी भाग त्यांना ओलांडवत नाही. एकदा दोन गट तुटले की दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या डीएनएत बारीक चुका साठत जातात. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात आणि लहान गटात निव्वळ योगायोगानं पसरतात. काही कामाच्या ठरतात, त्या निवडीनं टिकतात. पुरेसा काळ गेला की पुन्हा भेट झाली तरी दोघांचं जुळत नाही.

आता आंबोली. हद्द सिंधुदुर्गाची, पण हिरण्यकेशी तिथे उगम पावून खाली आमच्या आजऱ्या-गडहिंग्लजकडे येते. तिथल्या मातीत देवगांडूळ सापडतं. लोक त्याला गांडूळ म्हणतात. खरं तर तो पाठीचा कणा आणि दात असलेला, बेडकाचा बिनपायाचा नातेवाईक. वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गोवर यांनी २००३ मध्ये आंबोलीच्या जातीला मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’चे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं. याच कुळातले त्याचे जवळचे भाऊबंद सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, समुद्रापलीकडच्या सेशेल्स बेटांवर राहतात. अशा प्राण्यांची ओली कातडी खारं पाणी सोसत नाही, तेव्हा पोहून जाण्याचा प्रश्नच नाही. भूगर्भशास्त्रज्ञांनी मात्र समुद्रतळाच्या खडकांवरून वेगळंच काही दाखवलं होतं: सेशेल्स आणि भारत एकेकाळी जोडलेले होते आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी फाटले. दख्खनचा लाव्हा वाहिला तोही त्याच सुमाराचा. खडक वाचणाऱ्यांना देवगांडुळाचं काही पडलेलं नव्हतं, तरी डीएनएवरून काढलेली वंशावळ त्यांच्या नकाशाशी जुळली. केरळातल्या जांभळ्या बेडकाचेही सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्समध्येच आहेत.

पत्त्यांखेरीज जीवाश्मांचा पुरावाही आहे, पण तो शोधायला कोल्हापुरात जाऊ नये. पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण, त्यात हाडं कुठून येणार? मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात ती मिळतात. मुंबईत वरळीला अशाच थरात सापडलेल्या इवल्या बेडकाची नोंद रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केली. जम्मूतल्या कालाकोटच्या ‘इंडोहायस’ या हरणासारख्या प्राण्याच्या कानाचं हाड देवमाशाच्या घडणीचं निघालं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. देवमाशांचे जमिनीवरचे पूर्वज आपल्याच उपखंडातले.

निवड कशी चालते, ते कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानालाही ठाऊक आहे. पंढरपुरी म्हशीची खांद्यामागे जाणारी तलवारीसारखी शिंगं कुणी एका दिवसात बनवलेली नाहीत. कुठली म्हैस राखायची आणि कुठला रेडा लावायचा, हे ठरवत पिढ्या गेल्या. डार्विननं १८५९ च्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण पाळीव जनावरांवरच लिहिलं. निसर्गात निवडणारा कुणी नसतो, पण मरणं आणि उरणं असतंच. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आला २००२ मध्ये. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये दोन जनुकांच्या बीटीवरही गुलाबी बोंडअळीचा कहर पाहिला. विष पचवणाऱ्या मूठभर अळ्या वाचल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. साध्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांचा संकर होऊन ही ताकद विरत राहावी म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण हातातलं रान अळीसाठी सोडा हे पटवायला उत्क्रांती समजावून सांगावी लागते, आणि ती सांगायला बांधावर कुणी गेलं नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर निवडीची एक बाजूच माणसानं हलवली. तिथल्या सरड्याचा नर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून माद्यांना दिसतो आणि शिकारी पक्ष्यांनाही. मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा २०१८ चा अभ्यास सांगतो, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आहेत. सरडे तिथे दाट, पण अंगानं रोड. माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळतात आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका आहे. गर्दीतल्या उपासमारीनं रंग उतरला असेल, तर पोटभर खायला मिळताच तो परत येईल. पण तो बदल जनुकांत उतरला असेल, तर पवनचक्क्यांखालच्या नराची पिलं पुरेसं खाऊनही फिकीच राहतील. हे ठरवायला दोन्हीकडची अंडी एकाच जागी, एकाच खुराकावर वाढवून पाहावी लागतील.