कुत्र्याच्या पिल्लाचे मलमूत्र : सवय कोणती व व्याधी कोणती

मळ्यावर किंवा मेंढवाड्यावर राखणीसाठी कुत्र्याचे पिल्लू आणले म्हणजे पहिले काही आठवडे घरातील मंडळींची तक्रार ठरलेली असते. पिल्लू पडवीत घाण करते, दाण्यांच्या पोत्यांशी लघवी करते, धन्याने हाक मारली की तेथेच मुतते. ही सर्व खोडी असून चार फटके दिले की ती जाईल, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या तक्रारींत एखादी तक्रार खोडीची नसून रोगाची असते, आणि ती वेळीच वेगळी ओळखता आली नाही तर दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागात कारवान जातीचे पिल्लू मोठ्या हौसेने व पदरमोड करून आणले जाते. तेथे ही हानी केवळ हळहळीची नसते. शिवाय पिल्लाच्या पोटातील काही विकार घरातील लहान मुलांनाही बाधतात. सबब पिल्लाच्या मलमूत्राकडे किळस न मानता रोज एकवार पाहणे, हे गाईची धार काढताना सडाकडे पाहण्याइतकेच आवश्यक समजावे.

स्वाभाविक काय असते, हे प्रथम पाहू. जन्मल्यापासून सुमारे 3 आठवडे पिल्लास आपण होऊन मलमूत्र विसर्जन करता येत नाही. कुत्री त्याचे पोट व गुदद्वार चाटते, त्या स्पर्शाने ती क्रिया घडते. आई मेलेले किंवा टाकून दिलेले पिल्लू वाढवावयाचे असल्यास प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने हे काम माणसाने करावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पोट फुगून पुष्कळ पोरकी पिल्ले मरतात व दोष मात्र दुधाला दिला जातो.

दोन महिन्यांच्या पिल्लाने दर दोन-तीन तासांनी लघवी करणे, झोपेतून उठताच किंवा खाल्ल्याबरोबर जागा शोधणे, विसर्जनापूर्वी जमीन हुंगत गिरक्या घेणे, यांत काहीही वावगे नाही. मूत्राशय आवरून धरण्याची शक्ती चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत हळूहळू येते. नर पिल्लू पाय वर न करता बसून लघवी करते म्हणून काही जण चिंता करतात. तीही अनाठायी होय. मोठा माणूस अंगावर वाकला असता किंवा आवाज चढविला असता पिल्लू कान पाडून थेंब-थेंब मुतते, ती शरणागतीची खूण आहे. अशा पिल्लास मारल्याने ती सवय दृढ होते. न मारता बाजूस बसून हाक मारली तर ती बहुधा वयाबरोबर सुटते.

यावरून एक कसोटी हाती येते. जी गोष्ट पहिल्या दिवसापासून आहे, जिच्याबरोबर पिल्लू खाते, खेळते व वजनाने वाढते, ती बहुधा सवय होय. जी गोष्ट काल नव्हती व आज आहे, किंवा जिच्याबरोबर भूक, उत्साह वा वजन घटले, ती व्याधी समजून चालावे. या नियमास अपवाद एकच. मादी पिल्लू जन्मापासून सतत ठिबकत असेल, निजल्या जागी ओले होत असेल आणि तरीही मधून मधून नीट बसून लघवीही करीत असेल, तर मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता भलत्या जागी उघडण्याचे जन्मजात व्यंग असण्याचा संभव असतो. असे पिल्लू कितीही शिकविले तरी स्वच्छ राहणार नाही, कारण दोष बुद्धीचा नसून शरीराचा असतो. शस्त्रक्रियेने त्यात पुष्कळदा सुधारणा होते.

कुंथणारे पिल्लू

पिल्लू वारंवार बसते, पाठ कमान करते, कुंथते आणि काही पडत नाही, हे पाहिले की घरातील वडीलधारी माणसे मलावरोध झाला असे ठरवून एरंडेल किंवा तूप पाजतात. येथेच मोठी चूक होते. मलावरोधात जशी कुंथण्याची क्रिया दिसते तशीच ती आतड्याच्या दाहात, मूत्रमार्गाच्या दाहात आणि आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून बसण्याच्या गंभीर विकारातही दिसते. सबब काय पडले याची जमिनीवर खात्री करावी. मटण कापले जाते तेथे वाढणाऱ्या पिल्लास हाडे भरपूर मिळतात व त्याची विष्ठा खडूसारखी पांढरी, कोरडी व कठीण होते. तो खरा मलावरोध होय व हाडे बंद केली, पाणी भरपूर ठेवले की बहुधा सुटतो. याउलट कुंथून चमचाभर पातळ आंव किंवा ताज्या रक्ताचा ठिपका पडत असेल तर ती हगवण आहे, आणि त्यावर एरंडेल देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

कुंथण्याबरोबर वांती होत असेल, पोटास हात लावताच पिल्लू कण्हत असेल किंवा पोटात गोळ्यासारखे काही लागत असेल तर आतडे अडकल्याचा संशय घ्यावा. तीव्र हगवणीनंतर व जंतांचा भार असलेल्या पिल्लांत हे विशेष घडते. गुदद्वारातून लालसर नळीसारखा भाग बाहेर आला असेल तर तो हाताने आत लोटू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून, पिल्लास तो चाटू न देता, थेट गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

लघवीसाठी वारंवार बसून थेंबच येत असतील, लघवीस उग्र घाण येत असेल वा ती रक्ताळलेली असेल आणि पिल्लू ती जागा सारखी चाटत असेल, तर मूत्रमार्गाचा दाह संभवतो. तो माद्यांत अधिक आढळतो. परंतु दिवसभर बसूनही लघवीचा थेंब न येणे व पोट ताठरणे ही तातडीची अवस्था होय. तेथे उद्याची वाट पाहू नये. लघवीचा रंगही पाहावा. अंगावर गोचिडी असलेल्या पिल्लाची लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी झाली व हिरड्या फिकट पडल्या, तर गोचिडीतून होणारा रक्ताचा ज्वर ओळखावा. लघवी गर्द पिवळी होऊन डोळ्यांचे पांढरे पिवळे पडले तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून त्या लघवीस उघड्या हाताने स्पर्श करू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग माणसांसही होतो. कोकणातील भातशेतीच्या भागास त्याचा परिचय आहे.

रक्ती हगवण

दीड ते सहा महिने वयाच्या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पार्वो विषाणूची हगवण होय. हा रोग प्रथम 1978 साली ओळखला गेला व अल्पावधीत जगभर पसरला. त्याचा क्रम ठराविक असतो. आदल्या दिवशी पिल्लू खात नाही व कोपऱ्यात बसून राहते. मग वांती सुरू होते. त्यानंतर पाण्यासारखी, रक्तमिश्रित, अत्यंत दुर्गंधीची हगवण लागते. ही दुर्गंधी एकदा अनुभवलेला माणूस ती विसरत नाही. विषाणू आतड्याचे अस्तर झडवून टाकतो व रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवितो. त्यामुळे शरीरातील पाणी निघून जाते आणि त्याच वेळी आतड्यातील जंतू रक्तात शिरतात. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले मरतात. शिरेतून द्रव व योग्य औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. म्हणून तेथे एका रात्रीचा विलंबही महाग पडतो.

पाणी किती कमी झाले हे घरीच पाहता येते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ बसली तर ठीक, उभीच राहिली तर शरीर कोरडे पडले आहे. हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. तीन महिन्यांच्या आतील पिल्लास हगवण व वांती एकत्र लागली असेल तर या परीक्षेतही वेळ न दवडता निघावे. पाय उचलणे शक्य नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी विचारणा करावी. माणसांच्या हगवणीच्या किंवा तापाच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल, देऊ नयेत. वांती चालू असता बळजबरीने दूध वा पेज पाजली तर ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

अर्थात् प्रत्येक पातळ शौच पार्वोचे नसते. आईचे दूध सुटलेल्या पिल्लास एकदम वाटीभर म्हशीचे दूध दिले तर त्यातील शर्करा पचत नाही व पोट बिघडते. असे पिल्लू उड्या मारीत असते. दूध बंद करून मऊ भात थोडाथोडा दिला की एका दिवसात ते सावरते. एका दिवसात न सावरल्यास कारण दुसरे आहे.

जंत

फुगलेले पोट, बारीक पाय, राठ केस आणि अधाशी भूक असे पिल्लू खेड्यात इतके सामान्य आहे की ते 'गुटगुटीत' म्हणून वाखाणले जाते. त्याच्या विष्ठेत वा वांतीत शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. हे जंत पिल्लास आईच्या गर्भातच मिळतात, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. बाहेर कोठेही न गेलेल्या पिल्लास जंत कसे, या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. अंकुशकृमी हा दुसरा प्रकार आईच्या दुधातून व दूषित मातीतूनही येतो. तो आतड्यास चिकटून रक्त पितो. विष्ठा डांबरासारखी काळी होते व हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. लहान पिल्लू केवळ रक्तक्षयाने दगावू शकते. काळी विष्ठा म्हणजे उष्णता झाली, असे म्हणून ताक पाजीत बसणे योग्य नव्हे.

गुदद्वार जमिनीवर घासणारे पिल्लू बहुधा गुदग्रंथी भरल्यामुळे किंवा पिसवांतून येणाऱ्या पट्टकृमीमुळे तसे करते. शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास पट्टकृमी निश्चित समजावा. अशा वेळी जंतांच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. विष्ठा खाण्याची खोड बहुतेक पिल्लांत वयाबरोबर जाते. मात्र भरपूर खाऊनही वाळत जाणाऱ्या पिल्लाची ती खोड तपासून घेण्याजोगी असते.

जंतांचे औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास आठव्या आठवड्यापर्यंत व पुढे सहा महिने होईपर्यंत दरमहा द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लास पिशवीत घालून ताणकाट्यास टांगून वजन घ्यावे व ते पशुवैद्यास सांगावे. या जंतांची अंडी अंगणाच्या मातीत दीर्घकाळ टिकतात आणि त्याच मातीत लहान मुले खेळतात. मुलांच्या पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यांतही शिरतात. सबब विष्ठा रोज उचलून खोल पुरावी व हात साबणाने धुवावेत.

दवाखान्यात जाताना सुपारीएवढी ताजी विष्ठा झाकणाच्या स्वच्छ डबीत न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी त्यात दिसतात आणि औषध अंदाजाने देण्याची वेळ येत नाही. केव्हापासून, किती वेळा, कोणत्या रंगाचे व आधी काय खाल्ले होते, एवढे सांगता आले म्हणजे निम्मे निदान झाले.

पार्वोची पहिली लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात व पुढे दर 3-4 आठवड्यांनी 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत टोचावी. एकच लस पुरत नाही, कारण आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण अंगात असेतो ते लसीसही निष्फळ करते व ते केव्हा संपेल हे प्रत्येक पिल्लात निराळे असते. तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस निराळी घ्यावी. ज्या जागी पिल्लू पार्वोने मेले तेथील फरशी प्रथम साबणाने घासून मग 1 भाग ब्लीचच्या द्रावणात 30 भाग पाणी मिसळून 10 मिनिटे ओली ठेवावी. नेहमीच्या फिनाइलवर या कामी भिस्त ठेवू नये. मातीचे अंगण अशा रीतीने धुता येत नाही व तेथे विषाणू अनेक महिने जिवंत राहतो. म्हणून त्याच अंगणात दुसरे पिल्लू आणावयाचे तर ज्याच्या सर्व लसी पूर्ण झाल्या आहेत असेच आणावे.