महिला महाविद्यालय

केवळ विद्यार्थिनींना प्रवेश देणारी उच्च शिक्षणाची संस्था. पुरुषांसाठी राखीव महाविद्यालये आता जगात फारच थोडी उरली असल्याने एकलिंगी उच्च शिक्षणाचा विचार मुख्यतः महिला महाविद्यालयांपुरता करावा लागतो. महिला महाविद्यालय पत्करावे की सहशिक्षणाचे, हा प्रश्न भारतात पुष्कळदा विद्यार्थिनीऐवजी तिचे कुटुंबच सोडविते. त्याचा विचार करताना स्वतंत्र संस्था व स्वतंत्र अभ्यासक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतील बहुतेक विद्यापीठे स्त्रियांना बंद होती. त्यामुळे अमेरिकेत माउंट होल्योक (१८३७) व व्हासार (१८६१), तर इंग्लंडमध्ये गर्टन (१८६९) या संस्था निघाल्या. तथापि केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले. भारतात कलकत्त्याच्या बेथ्यून शाळेत १८७९ मध्ये महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. कादंबिनी गांगुली व चंद्रमुखी बसू या १८८३ मध्ये पदवीधर झाल्या. याच दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शिकून कॉर्नेलिया सोराबजी यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली.

महाराष्ट्रातील वाद : गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असे प्रतिपादन केले. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी वेगळी दिशा स्वीकारली. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीवरून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये हिंगणे येथे महिला विद्यापीठ स्थापिले. मातृभाषेचे माध्यम आणि गृहजीवनाशी निगडित विषय ही त्याची वैशिष्ट्ये होत. ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशी त्याच्या पदव्यांची नावे होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. १९५१ मध्ये त्यास वैधानिक दर्जा लाभला. तोपर्यंत त्याच्या पदव्यांस अन्य विद्यापीठांच्या पदव्यांइतके व्यवहारमूल्य नव्हते. इतर विद्यापीठांच्या परीक्षांना बसणे ज्यांना शक्य नव्हते, अशा अनेक स्त्रियांना या विद्यापीठामुळे उच्च शिक्षण घेता आले. परंतु अभ्यासक्रम वेगळा ठेवल्यास पदवीची किंमत कमी लेखली जाते, ही अडचणही त्यातून स्पष्ट झाली.

नागपूर परिसर : या दोन मतांमधील मध्यम मार्ग नागपुरात दिसतो. तेथे हिस्लॉप (१८८३) व मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये आधीपासून होती. विमेन्स एज्युकेशन सोसायटीने १९३२ मध्ये सुरू केलेले महिला महाविद्यालय पुढे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात कला, वाणिज्य, विज्ञान व गृहविज्ञान या शाखा असून ते नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे संस्था स्वतंत्र, पण पदवी सर्वांना समान. नागपूरच्या उत्तरेस सावनेर मार्गावरील कोराडी हे गाव जगदंबेच्या मंदिरामुळे व औष्णिक विद्युत् केंद्रामुळे प्रसिद्ध आहे. अशा शहरालगतच्या गावातील मुलीच्या बाबतीत रोजचा प्रवास, परतण्याची वेळ, वसतिगृहाची सोय व घरच्यांची संमती यांवरच बहुधा निर्णय होतो. ‘मुलींचे कॉलेज असेल तरच’ या अटीवर मिळालेली संमती ही अनेकींच्या उच्च शिक्षणाची पहिली पायरी ठरली आहे, हे नाकारता येत नाही. परंतु इच्छित विषय तेथे नसेल, तर तीच अट तिच्या शिक्षणाची मर्यादा बनते.

फलिते : अमेरिकेत एलिझाबेथ टिडबॉल यांनी १९७३ मध्ये असे दाखविले, की नामवंत व्यक्तींच्या सूचीत महिला महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थिनींचे प्रमाण इतरांच्या सु. दुप्पट आहे. मात्र १९७८ मध्ये ओट्स व विल्यमसन यांनी निदर्शनास आणले, की हा लाभ मुख्यतः अत्यंत निवडक व संपन्न अशा मोजक्या महाविद्यालयांपुरता होता. शालेय स्तरावरील १८४ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणातही, विद्यार्थ्यांची पूर्वपात्रता व पार्श्वभूमी विचारात घेतल्यावर, एकलिंगी शिक्षणाचा फारसा फायदा आढळला नाही. तथापि विद्यार्थी-परिषद, प्रयोगशाळा, वादसभा यांत सर्व पदे विद्यार्थिनींकडेच असल्याने नेतृत्वाची संधी मिळते, हे महिला महाविद्यालयाच्या रचनेतूनच घडते. उलटपक्षी पुढील नोकरीव्यवसायात स्त्रीपुरुषांनी एकत्र काम करावयाचे असते. त्याची सवय सहशिक्षणात सहज लागते.

निवडीचे निकष : इष्ट विषय व शाखा, अध्यापकवर्ग, ग्रंथालय व प्रयोगशाळा, शुल्क, वसतिगृह आणि पदवीची मान्यता यांचा विचार आधी व्हावा, सहाध्यायी कोण, याचा नंतर. अभियांत्रिकीसारख्या, पूर्वी पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या शाखेतही पुण्याचे कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९१) यासारख्या संस्था निघाल्याने, महिला महाविद्यालय म्हणजे मर्यादित विषय, हे समीकरण उरलेले नाही. महिला महाविद्यालयामुळे विद्यार्थिनीपुढील वाटा वाढत असतील, तर ते इष्ट. त्या कमी होत असतील, तर सहशिक्षण श्रेयस्कर. हा निर्णय घेताना विद्यार्थिनीचे स्वतःचे मत विचारात घेतले जाणे, हा दोन्ही बाबतींत समान निकष होय.