सुलतानाचे मूळ गाव पाथरी

सोयरिकीची बोलणी सुरू झाली की चहाच्या कपाबरोबर प्रश्न येतो, "बिरादरी कोणती?" कोणी अत्तार सांगतो, कोणी तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार. काही घरांत मात्र आवाज जरा खाली जातो आणि उत्तर मिळते, "आम्ही मूळचे अरबस्तानातले." एखाद्याच्या बाबतीत ते खरेही असेल. पण पणजोबा कापूस पिंजत होते हे सांगायला लाज वाटते, म्हणून अरबस्तान गाठायचे, हा प्रकार आपल्याकडे कमी नाही.

अशांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही स्थापन केली आणि सीना नदीकाठी वसवलेल्या शहराला आपले नाव दिले. या अहमदचे वडील कोण? काही काळ नगर दरबारात राहिलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो की ते जन्माने ब्राह्मण होते. नाव तिमाप्पा, वडिलांचे नाव भैरव. विजयनगरच्या स्वारीत बहामनी फौजेने त्यांना लहानपणी पकडून आणले. ते मुसलमान झाले, शाहजाद्याबरोबर शिकले आणि पुढे मलिक हसन, निजामुल्मुल्क या नावाने बहामनी राज्याचे वजीर झाले. निजामशाही हे नाव त्यांच्याच किताबावरून आले.

हे घराणे मूळचे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे, तेव्हा ती वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर असताना त्याने पूर्वजांचे हे गाव मागितले, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आला तेव्हा त्याने लढून ते घेतले. गावासाठी रक्त सांडावे, याचे कौतुक कशाला करायचे? पण सिंहासनावर बसलेल्या माणसाने आपल्या कुलकर्णी पूर्वजांवर पडदा टाकला नाही, हे विसरण्यासारखे नाही.

याच राज्याचा पुढचा आधार मलिक अंबर. तो जन्माने हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत दख्खनमध्ये नावाजली गेली. देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवल्याचे सांगतात. ज्यांच्या पोटी शिवराय जन्मले, त्यांच्या नावात नगरच्या दर्ग्याची आठवण आहे.

सूरह हुजुरातमध्ये कुळे आणि कबिले एकमेकांना ओळखण्यासाठी असल्याचे सांगितले आहे, श्रेष्ठत्वाची कसोटी तक्व्याची आहे. तेव्हा कुळ लपवायचे कशासाठी?

लपवण्याची किंमत आज कचेरीत मोजावी लागते. महाराष्ट्रात अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर व्यवसायाची जात न लिहिता नुसते "मुसलमान" असेल, तर नातवाची धावपळ ठरलेली. अशा वेळी तहसील कार्यालयातले कडईपत्रक, गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यू नोंद, जुने फेरफार, इनामाची सनद कामी येते. त्यांपैकी बरेच कागद मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी वाचणारा जाणकार गाठावा. काझींकडच्या निकाहाच्या नोंदवहीतही नवरा-नवरीच्या वडिलांची नावे सापडतात.

कागदांत एक मोठी उणीव आहे. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे उतरतात. नानी कुठल्या गावची, दादीच्या माहेरी दखनी बोलत की मराठी, तिच्या आईने कोणते सण पाहिले, हे फक्त घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना आधी नानीकडे पाठवा. तहसील कचेरी नंतरही उघडी असेल.