आधी बैल, मग इंजिन

दादरहून रात्री सुटणारी एकतानगर एक्स्प्रेस सकाळी बडोदं सोडून आग्नेयेकडे वळते आणि थोड्याच वेळात डभोई स्टेशनातून पुढे जाते. डब्यातली मंडळी तेव्हा तोंडं धूत असतात, पोरांना उठवत असतात, सरदार पटेलांचा पुतळा कुठल्या बाजूनं दिसेल याची चौकशी करत असतात. स्टेशन नवंकोरं आहे, रूळ रुंद आहेत, वर विजेची तार आहे. हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज रेल्वे १८६२ साली इथे आली आणि ती एका मराठी राजानं आपल्या संस्थानासाठी बांधली, हे सांगणारं कुणी त्या डब्यात भेटणं अवघड. मी यंदाची सुट्टी म्हणूनच राखून ठेवली होती. बडोद्याला दांडिया बाजारात मामेभावाकडे मुक्काम करायचा आणि गायकवाडांच्या रेल्वेचं जे जे उरलंय ते चार दिवसांत पायाखाली घालायचं.

आमच्या रेल्वेवेड्या मित्रांत परदेशातल्या सफरींचे बेत नेहमी शिजत असतात. एक जण झेक देशात जाऊन आला. प्रागच्या ट्राममधून पोटभर हिंडला, मग दक्षिण बोहेमियातल्या यिंद्रिखूव ह्रादेत्स गावची छोटी गाडी पाहून आला. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. डभोईच्या गाडीचं ७६२. तिकडच्यांनी मीटरच्या हिशेबात मोजलं, आपल्याकडे अडीच फूट धरले, म्हणून हा दोन मिलिमीटरचा फरक. तो फोटो दाखवत होता आणि मला सारखं वाटत होतं, हे तर आपल्या घरचं आहे.

बडोद्याला पहिली गाडी आली ती इंग्रजांच्या बीबीसीआय रेल्वेची, सुरतेकडून, १८६१ च्या जानेवारीत. त्यानंतर अवघ्या वर्षा-दीड वर्षात खंडेराव महाराजांची स्वतःची रेल्वे उभी राहिली. कुठल्याही संस्थानिकाच्या मालकीची देशातली ही पहिली. नकाशावर ती नीट पाहावी. संस्थानाची रेल्वे म्हटल्यावर ती राजवाड्यापासून निघेल असं कुणालाही वाटेल. पण ही लाइन राजधानीला शिवतसुद्धा नव्हती. डभोईहून निघायची आणि सुमारे ३३ किलोमीटरवर, बीबीसीआयच्या मोठ्या लाइनवरच्या मियागाम स्टेशनला जाऊन मिळायची. कारण होतं कापूस. तो सगळा टापू काळ्या कसदार जमिनीचा. पावसाळ्यात त्या चिखलात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं आणि शेतकऱ्याचा माल घरात पडून राहायचा. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रूळ जिथे माल होता तिथे गेले. राजधानीपर्यंत ते यायला पुढे जवळजवळ वीस वर्षं लागली. मला या रेल्वेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

आणि गाडी ओढायला होते बैल.

ही गोष्ट आजकाल गंमत म्हणून सांगितली जाते. मला त्यात गंमत वाटत नाही, व्यवहार दिसतो. चिखलात दोन बैलांना जे ओझं हलत नाही, ते लोखंडी रुळावर सहज हलतं, कारण चाकाला होणारा विरोध कितीतरी पटींनी घटतो. इंजिन नसलं तरी नुसत्या रुळांनी निम्मं काम झालेलं असतं. झेक देशाचंच उदाहरण घ्या. चेस्के बुद्येयोवित्सेपासून ऑस्ट्रियातल्या लिंत्सपर्यंतची १८३२ साली पूर्ण झालेली रेल्वे घोड्यांची होती आणि ती चाळीसएक वर्षं मीठ वाहत राहिली. तिला आज तिकडे केवढ्या अभिमानानं मिरवतात. तिकडे घोडे नि मीठ, इकडे बैल नि कापूस. डभोईच्या रुळांचं वजन यार्डाला जेमतेम १३ पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलोच्या आत. आज मुख्य लाइनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून १८६३ मध्ये इंजिनं आली, पण त्या बारक्या रुळांना त्यांचा भार झेपेना. बैल पुन्हा जुंपले गेले. १८७३ साली दणकट रूळ टाकून लाइन नव्यानं खुली झाली, मग हळूहळू वाफेचं राज्य आलं.

तोवर खंडेराव गेले होते. त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे भाऊ मल्हारराव १८७५ मध्ये पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला. दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या कारभारात, १८७९ ते १८८१ या दोन-तीन वर्षांत, डभोईहून नर्मदाकाठच्या चांदोदपर्यंत, पूर्वेला बहादरपूरपर्यंत आणि अखेर बडोद्याला गोयागेट नि विश्वामित्रीपर्यंत फाटे निघाले. गोयागेट म्हणजे आजचं प्रतापनगर. बराच काळ गाड्या चालवण्याचं काम बीबीसीआयकडे होतं. १९२१ ला संस्थानानं ते आपल्या हाती घेतलं आणि ‘गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे’ खऱ्या अर्थानं स्वतंत्र झाली. प्रतापनगरच्या वर्कशॉपची पायाभरणी त्याआधीच, १९१९ मध्ये झाली होती. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ही रेल्वेही बीबीसीआयमध्ये गेली आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वेची झाली.

बार्शी लाइटचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असतं. पंढरीची वारी आणि ती गाडी यांचं नातंच तसं होतं. कॅलथ्रॉप साहेबानं याच अडीच फुटी मापावर ती रेल्वे उभी केली आणि हलक्या रुळांवर किती भार नेता येतो ते जगाला दाखवलं. पण बार्शीची सुरुवात १८९७ ची. डभोई तिच्याहून ३५ वर्षांनी थोरली.

मराठी माणसाला डभोई हे नाव एरवी इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं. १ एप्रिल १७३१ ला पहिल्या बाजीरावानं सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला तो याच परिसरात. माझं डभोई मात्र वेगळं आहे. तिथे पाच दिशांना पाच लाइनी जात: बडोदं, मियागाम, चांदोद, छोटा उदेपूर आणि समलाया. नॅरोगेजचं एवढं मोठं जंक्शन आशिया खंडात दुसरं नव्हतं. ऐंशीच्या दशकात आम्ही भावंडं आजीबरोबर प्रतापनगरहून चांदोदला जायचो. ओरसंग आणि नर्मदेच्या संगमावर तिला स्नान करायचं असे आणि आम्हाला गाडीत बसायचं असे. डभोईला गाडी बराच वेळ थांबायची, कारण बाकीच्या दिशांच्या गाड्यांनाही एकमेकींची माणसं घ्यायची असत. एकाच वेळी तीन-चार छोटी इंजिनं धूर सोडत उभी, फलाटावर मेथीच्या गोट्यांचा वास, संखेड्याच्या रंगीत लाखकामाच्या खुर्च्या दोरीनं बांधून चढवणारी माणसं. फलाट इतका बुटका की आजीसुद्धा कुणाचा हात न धरता उतरायची. समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा. अशा गाडीत अनोळखी राहताच येत नाही.

ही गाडी दत्तभक्तांचीही होती. टेंबे स्वामींनी १९१४ ला देह ठेवला तो चांदोदच्या वरच्या अंगाला, नर्मदेकाठी गरुडेश्वरला. त्यांचे शिष्य रंग अवधूत, मूळचे कोकणातल्या देवळ्याचे वळामे, खाली नारेश्वरला राहिले. चोरंदा ते मोती कोरल या फाट्यावर ‘नारेश्वर रोड’ नावाचं स्टेशनच होतं. आजीच्या ओळखीतली निम्मी मंडळी दत्तजयंतीला याच छोट्या गाडीच्या भरवशावर निघायची.

सुट्टीचा पहिला दिवस मी प्रतापनगरला घालवला. विभागीय कार्यालयाच्या आवारात रेल्वेनं जुन्या वस्तू आणि छोटी गाडी मांडून ठेवली आहे. तिथे डब्याच्या टोकाशी उकिडवं बसून पाहावं. मोठ्या लाइनच्या जुन्या डब्यांना डावी-उजवीकडे दोन बफर असायचे. इथे मधोमध एकच, आणि त्याच्याच माथ्यावर चोचीसारखा लोखंडी आकडा. दुसरा डबा येऊन टेकला की एकाचा आकडा दुसऱ्याच्या खाचेत पडतो. ढकलणं आणि ओढणं, दोन्ही कामं त्या एका बिंदूवर, त्यामुळे तीव्र वळणावरही डबे एकमेकांना अडत नाहीत. मी आकड्यावर हात ठेवला. पडून पडून त्याची कड अंगठ्याएवढी गुळगुळीत झाली आहे. इंजिनावर लिहिलेली अक्षरंही वाचता आली पाहिजेत. ‘झेड’ म्हणजे अडीच फुटी रूळ, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘एम’ म्हणजे माल आणि माणसं दोन्हींसाठी. झेडडीएम-५ आलं आणि आमच्या लहानपणीचा धूर गेला. गाडीची चाल फारशी बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या शहरात हिंडलो. राजघराण्यातल्या मुलांसाठी महालाच्या आवारात फिरणारी एक चिमुकली आगगाडी होती. पुढे ती कमाटीबागेत आली आणि बडोद्याच्या दोन-तीन पिढ्या तीत बसल्या, मीही बसलो. तिचं इंजिन आता फत्तेसिंह संग्रहालयाच्या आवारात आहे. लालबागेतल्या प्रतापविलास महालात १९५२ पासून देशभरातले रेल्वे अधिकारी शिकायला येतात. या शहराचं रेल्वेशी असलेलं नातं एका लाइनीपुरतं नाही.

तिसऱ्या दिवशी डभोई आणि चांदोद. चांदोदचा फाटा रुंद होऊन केवडियापर्यंत, म्हणजे आजच्या एकतानगरपर्यंत लांबला आणि १७ जानेवारी २०२१ ला तो खुला झाला. गाडी झपाट्यानं गेली. जिथे आम्ही खिडकीतून एरंडाची पानं ओढायचो ती शेतं डोळ्यांत भरायच्या आत मागे पडली. गावाला वेगाची गाडी मिळाली याचा मला आनंदच आहे. बाळंतिणीला बडोद्याच्या दवाखान्यात पोचवायचं असेल तर तिला छोट्या गाडीचं कौतुक सांगून काय उपयोग? पण जे मोडायचं नाही असं ठरतं, ते तरी टिकावं असं मनापासून वाटतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रेल्वे मंत्रालयानं गुजरातमधल्या पाच नॅरोगेज लाइनी वारसा म्हणून जपायचं ठरवलं होतं. एकूण २०४ किलोमीटर, आणि त्यात डभोई-मियागामची ३३ किलोमीटरची मूळ लाइनही होती. चौथऱ्यावर चढवलेलं इंजिन पाहून मला कधीच समाधान होत नाही. रेल्वे चालत असली तरच ती रेल्वे.

त्या यादीतली सगळ्यात लांब लाइन बिलिमोरा ते वघई, ६३ किलोमीटर. चौथा दिवस तिच्यासाठी होता. ही गायकवाडांचीच, १९१३ च्या सुमाराची, डांगच्या जंगलातला साग समुद्राकडे आणण्यासाठी घातलेली. २०२० च्या डिसेंबरात तोट्याचं कारण देऊन ती बंद करायचं ठरलं. लोकांनी आवाज उठवला आणि ४ सप्टेंबर २०२१ पासून ती पुन्हा धावू लागली, मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबाही तिला जोडला गेला. मी साध्या डब्यात बसलो, कारण मला खिडकी उघडी हवी होती.

गणदेवीपर्यंत चिकूच्या आणि आंब्याच्या बागा. मग रानकुवा, अनावल, गरम पाण्याच्या कुंडांचं उनाई. रस्ता आला की गाडी अलीकडेच थांबते. गाडीतूनच एक माणूस उतरतो, चालत पुढे जातो, फाटक लावतो, हिरवा बावटा दाखवतो. गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबते. तो फाटक उघडतो, दोन्हीकडच्या मोटरसायकली सुटतात आणि तो सावकाश येऊन शेवटच्या डब्यात चढतो. प्रत्येक फाटकावर माणूस बसवायचा तर या लाइनीला तो खर्च परवडला नसता, म्हणून फाटकवालाच गाडीबरोबर फिरतो. तीन-चार फाटकं झाल्यावर मी त्याला विचारलं, दमायला होत नाही का. तो म्हणाला, “साहेब, गाडी पण दमते, तिच्याबरोबर बसतो ना मी.”

उनाईनंतर चढ लागला. इंजिनाचा आवाज जड झाला आणि साग दोन्ही बाजूंनी इतका जवळ आला की त्याची मोठी, खरखरीत, तांबूस पडलेली पानं डब्याला घासू लागली. समोरच्या बाकावर एक म्हातारी पाटीत हळदीचे कंद घेऊन बसली होती. ती नातीशी बोलत होती. बिलिमोऱ्याला चढली तेव्हा तिकीटवाल्याशी गुजराती बोललेली ही बाई आता डांगी बोलत होती आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

वघईला उतरलो तेव्हा इंजिन सुटं करून दुसऱ्या टोकाला नेत होते. स्टेशनाबाहेर सापुताऱ्याच्या जीपगाड्या उभ्या होत्या. एक चालक ओरडून विचारत होता, “नाशिक कोण, नाशिक?” मी जीपमध्ये बसलो नाही. परतीची गाडी सुटायला वेळ होता. रुळांच्या कडेला उभा राहून मी दोन रुळांमध्ये पाऊल टाकलं आणि एकाच ढांगेत पलीकडे पोचलो.