‘मामांना झटका आला होता’: पण नेमका कसला? वैद्यकीय कोड कशासाठी असतात?

मध्यरात्री एखाद्या रुग्णाला तातडीने दवाखान्यात आणलं जातं. डॉक्टर विचारतात, “आधी काही आजार?” सोबतचा भाचा सांगतो, “दोन वर्षांपूर्वी मामांना झटका आला होता.”

आता हा झटका कसला? हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायूचा झटका की फिट? मराठीत आपण तिन्हींना ‘झटका’च म्हणतो. पण हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. समोर डॉक्टर असतील तर ते आणखी चार प्रश्न विचारून उलगडा करतील. पण हीच माहिती कुणी संगणकात नुसती ‘झटका’ अशी भरून ठेवली असेल तर?

इथेच प्रमाणित वैद्यकीय परिभाषेची गरज लागते.

डॉक्टरांची भाषा तरी एकच असते का?

नाही. एकाच आजाराला एक डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ आणि तिसरा फक्त ‘एमआय’. उलटही होतं. ‘एमएस’ या दोन अक्षरांचा अर्थ हृदयाच्या झडपेचा आजार (मायट्रल स्टेनोसिस) असू शकतो आणि मज्जासंस्थेचा आजारही (मल्टिपल स्क्लेरोसिस). आपलं बोलणंही तसंच. ‘मला बीपी आहे’ यातून रक्तदाब जास्त आहे की कमी, हे कळत नाही.

माणूस संदर्भावरून अर्थ लावतो. संगणकाला मात्र ‘हार्ट अटॅक’ आणि ‘एमआय’ हे दोन निराळे शब्द दिसतात.

मग यावर उपाय काय?

शब्दाऐवजी अर्थाला क्रमांक द्यायचा. ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी हेच करते. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र कोड आहे. आपल्या तीन ‘झटक्यां’चे कोड असे:

• हृदयविकाराचा झटका: २२२९८००६
• अर्धांगवायूचा झटका (स्ट्रोक): २३०६९०००७
• फिट (सीझर): ९११७५०००

डॉक्टरांनी हे आकडे पाठ करायचे नसतात. ते नेहमीचा शब्द टाइप करतात, सॉफ्टवेअर पर्याय दाखवतं आणि निवडलेल्या पर्यायाचा कोड आपोआप साठवला जातो. शिवाय या संकल्पना एकमेकींशी जोडलेल्या असतात. हृदयविकाराचा झटका हा हृदयरोगाचा एक प्रकार आहे, हे यादीतच नोंदलेलं असतं. त्यामुळे ‘हृदयरोगाचे सगळे रुग्ण दाखव’ म्हटलं की हा रुग्णही सापडतो.

एकच यादी पुरत नाही का?

कामं वेगळी, म्हणून याद्याही वेगळ्या. रुग्णाची बारीकसारीक नोंद ठेवायला स्नोमेड सीटी. आजार आणि मृत्यूंची आकडेवारी काढायला ‘आयसीडी’. या वर्गीकरणाची मुळं १८९३ पर्यंत जातात. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे आणि अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. किती लोक कशाने दगावले याची देशोदेशीची तुलना यावरच होते. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ ही तिसरी यादी आहे.

याचा उपचारांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गरोदर बाईच्या रक्ततपासणीचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदरपणाच्या पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तो ॲनिमिया धरला जातो. कागदावरच्या मार्गदर्शक सूचनेत हे एक वाक्य असतं. ते वाचणं आणि आठवणीने पाळणं माणसावर सोपवलेलं असतं.

तीच सूचना आरोग्यसेविकेच्या टॅबमधल्या ॲपमध्ये घालायची तर ॲपला तीन गोष्टी नेमक्या कळायला हव्यात: तपासणी कोणती, आकडा किती आणि एकक कोणतं. एका लॅबने ‘एचबी’ लिहिलं, दुसरीने ‘हिमोग्लोबिन’, तर तिसरीने ‘रक्ताचं प्रमाण’, की ॲप गोंधळणार. लॉइंकमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनचा कोड ७१८-७ आहे. तो वापरला तर नाव काहीही असो, तपासणी ओळखता येते.

एककाचंही तसंच आहे. ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ११० ग्रॅम प्रति लिटर. समजा, एका ठिकाणी एकक न लिहिता ९५ एवढाच आकडा नोंदवला. ॲपने तो प्रति डेसिलिटर धरला तर त्याला तो ११ पेक्षा कितीतरी जास्त दिसेल. प्रत्यक्षात त्या बाईचं हिमोग्लोबिन साडेनऊ असेल आणि धोक्याची सूचना येणारच नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्मार्ट गाइडलाइन्स’ नावाची पद्धत आणली. त्यात मार्गदर्शक सूचना टप्प्याटप्प्याने संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणली जाते आणि प्रत्येक नोंद प्रमाणित कोडशी जोडली जाते. गरोदरपणातल्या तपासण्यांसाठीचा असा संच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात काय स्थिती आहे?

केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींसाठीची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. स्नोमेड सीटी, लॉइंक आणि आयसीडी या तिन्हींचा त्यांत समावेश आहे. स्नोमेड चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य असल्याने देशात ही यादी विनाशुल्क वापरता येते. या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक तुमच्या नोंदी एकमेकींशी जोडतो. पण लक्षात घ्या, जोडणं वेगळं आणि समजणं वेगळं. चिठ्ठीचा फोटो आभाशी जोडला तर तो दुसऱ्या डॉक्टरला दिसेल, मात्र ‘या रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असा इशारा सॉफ्टवेअर त्या फोटोवरून आपणहून देईल, याची खात्री नाही. ॲलर्जीची नोंद कोडसह झाली असेल तर ते सहज शक्य होतं.

आयुर्वेदाचाही यात विचार झाला आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या संज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये आयसीडीत उपलब्ध झाला.

म्हणजे कोड आला की चुका संपल्या?

अजिबात नाही. घाईत चुकीचा पर्याय निवडला तर चूकही तितक्याच शिस्तीत पुढे पुढे जात राहते. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना यादीतून नेमका पर्याय शोधायला डॉक्टरकडे वेळ नसतो आणि मग ‘इतर’वर क्लिक होतं. शिवाय रुग्णाची सगळी कहाणी कोडमध्ये मावत नाही. म्हणून कोडसोबत डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेली नोंदही हवीच.

तुम्ही काय करू शकता?

• डिस्चार्ज कार्डवर आजाराचं पूर्ण नाव लिहून मागा. नुसती आद्याक्षरं असतील तर त्यांचा अर्थ विचारा.
• ‘बीपी आहे’, ‘झटका आला होता’ एवढ्यावर थांबू नका. कसला, कधी आणि कोणतं औषध चालू आहे, तेही सांगा.
• ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव लिहून ठेवा. ‘इंजेक्शन सोसत नाही’ यातून काहीच कळत नाही.
• रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवताना फक्त आकडा टाइप करू नका. तपासणीचं नाव, एकक आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान पाठवा.

आणि आज घरी एक काम करा. मामांच्या फाइलमधलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढा आणि तो झटका नेमका कसला होता, ते बघून घ्या. मध्यरात्री डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल.